मानपत्रातला थ

माणसाचा इतिहास म्हणजे दुसरंतिसरं काही नसून त्यानं वेळोवेळी गिळलेल्या शब्दांची बेरीज आहे, असं एक भारदस्त वाक्य मला त्या गुरुवारी मिरजेत सुचलं. ते उच्चारता मात्र आलं नाही. कारण माझीच दोन बोटं माझ्या तोंडात उभी होती आणि डॉक्टर तस्नीम मुजावर तिसरं बोट घालायला सांगत होत्या.

"तीन बसायला हवीत," त्या म्हणाल्या. "आ करा. अजून मोठा."

मी आ केला. तो अ झाला.

"कानापुढं काही वाजतं?"

"कट् वाजतं." बोटं काढून मी म्हणालो. "जांभई दिली की वाजतं. शेजारच्या बाकावरच्या माणसालासुद्धा ऐकू येतं."

त्यांनी माझी दोन्ही कानशिलं दाबली. मग गाल दाबले. मी खुर्चीतून वीतभर वर उडालो.

"सकाळी डोकं दुखतं?"

"डोक्याला पट्टा बांधून कुणीतरी आवळतंय असं वाटतं. दुपारपर्यंत सैल होतो."

"झोप?"

"लागते. पण उठल्यावर वाटतं, रात्रभर हमाली केली."

"आधी कुणाला दाखवलंत?"

मी यादी सांगितली. आमच्या गावच्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला. कानाच्या डॉक्टरांनी नाक तपासलं. माझ्या सासूबाईंना हिनं सांगितलं की हे झोपेत दात खातात, तेव्हा त्यांनी तिकडून निरोप धाडला की पोटात जंत झालेत. त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी वावडिंगाचा काढा आठ दिवस घेतला. जंतांचं काय झालं माहीत नाही, माझं दुखणं होतं तिथंच राहिलं.

डॉक्टर हसल्या नाहीत. पंचविशीतली मुलगी असेल, पण दुसऱ्याच्या मूर्खपणाला न हसण्याची तिला सवय झालेली दिसली. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला आणि दाढा दाखवल्या. दाढांचे उंचवटे गेले होते. वापरून वापरून सपाट झालेला पाटा असावा तशा.

"सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. जंत नाहीत, पण दात खाता. जबडा मिटायचा एक स्नायू कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. रात्रभर तो आवळून धरता, म्हणून सकाळी डोकं धरतं. डोकं दुखतं म्हणून झोप तुटते. झोप तुटली की तेच दुखणं दुप्पट वाटतं, आणि पुन्हा जबडा आवळला जातो. घाण्याच्या बैलासारखं. सगळ्यांचंच असं नसतं, पण तुमचं तसं दिसतंय."

"उपाय?"

"गरम फडक्यानं शेका. सुपारी बंद. भात-खिचडी खा. दिवसा लक्ष ठेवायचं, ओठ मिटलेले, दात सुटे. आणि झोपताना वरच्या दातांवर पट्टी. आज माप घेते, पुढच्या गुरुवारी न्या. पट्टीनं दाढा वाचतील. दात खाणं थांबेल याची खात्री देत नाही." त्यांनी कागद ओढला. "काही ताण आहे?"

"छे. मी शिक्षक आहे."

"काय शिकवता?"

"मराठी."

"कुणावर चिडलायत?"

"मी? डॉक्टर, शाळेत मला सगळे हसरे सर म्हणतात."

ते त्यांनी लिहून घेतलं. औषधांच्या वरच्या ओळीत.

घरी येऊन मी शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सविस्तर सांगितलं. स्नायू सांगितला, पंखा सांगितला, बैल सांगितला. ती पीठ चाळत होती. दोन महिन्यांपासून तिनं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं, कारण माझ्या शेजारी झोपणं म्हणजे गिरणीत झोपणं असं तिचं म्हणणं होतं.

"एवढ्यासाठी मिरजेला गेलात?" चाळण न थांबवता ती म्हणाली. "मला विचारायचं. दिवसभर त्या रावसाहेबापुढं दात काढता, मग रात्री दात खाता. दुसरं काय होणार?"

मला तिचा राग आला. खरी गोष्ट पीठ चाळता चाळता सांगणाऱ्या माणसाचा येतो तसा.

आता दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते सांगतो.

आमचा तालुका माणदेशातला. शिकवायला एकच मोठी शाळा आणि शाळेला एकच मोठा माणूस, रावसाहेब मोहळकर. संस्थेचे अध्यक्ष. स्वतः दहावीला तीनदा बसलेले असल्यामुळे परीक्षापद्धतीचा अनुभव दांडगा. त्यांच्या नावामागं शिक्षणमहर्षी ही पदवी होती. ती त्यांना मी दिली होती. खाजगी संस्थेत मराठीचा शिक्षक म्हणजे बिनघोड्याचा भाट. रावसाहेब बँकॉकला शिक्षणपद्धती पाहून आले तेव्हा मी मानपत्र लिहिलं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही लिहिलं, आणि त्यात 'ताठ कण्याचा माणूस' असा शब्द वापरला, कारण गुडघ्याचा उल्लेख बरा दिसला नसता.

तर डिसेंबरात रावसाहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. टेबलावर बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या खच्चून भरलेल्या.

"हेर्लेकर, हा आमचा कोश," रावसाहेब म्हणाले. "माणदेशी मेंढपाळांच्या बोलीचा. फेब्रुवारीत आमची एकसष्टी. त्याच दिवशी प्रकाशन. मुद्रितं तुम्ही तपासा."

मी वरची चिठ्ठी उचलली. हिरवी शाई, आणि ळ असा काढलेला की चष्मा उलटा ठेवल्यासारखा. असा ळ आमच्या शाळेत एकच व्यक्ती काढत असे. मालन शेंडगे बाई. पाचवी-सहावीला इतिहास शिकवायच्या. वडील मेंढपाळ. सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी बाई वाड्यावाड्यांवर, माळामाळांवर फिरून शब्द गोळा करत होत्या. लोकरीचे, काठीचे, रोगाचे, मेंढरांना हाका मारायचे. तीन हजारांवर शब्द. संस्था छापेल म्हणून त्यांनी विश्वासानं डबा रावसाहेबांकडं दिला होता. आणि रावसाहेबांनी पुढं केलेल्या मुद्रिताच्या पहिल्या पानावर छापलं होतं, संपादक: शिक्षणमहर्षी रावसाहेब मोहळकर.

"बाईंचं नाव...?" मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

"बाई नोकरीला कुठं?"

"संस्थेत."

"बाईंचा वेळ कुणाचा?"

"संस्थेचा."

"आणि संस्था म्हणजे कोण?" असं विचारून रावसाहेब थांबले. वर्गात मी थांबतो तसे.

"आपण," मी म्हणालो. आणि हसलो.

"हुशार आहात. जूनमध्ये हेडमास्तर रिटायर होतायत. ज्येष्ठता तुमची. पण ज्येष्ठता कागदावर असते, हेडमास्तर खुर्चीवर असतो." त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "आणि हो, मानपत्रात कोशकार हा शब्द घाला. चांगला ठसकेबाज शब्द आहे."

त्या दिवशी कट् वाजायला सुरुवात झाली.

याहून वाईट पुढंच आहे. रावसाहेबांनी कोशाला प्रस्तावना लिहिली होती, म्हणजे त्यांच्या सेक्रेटरीनं, पिसाळनं, ती तोंडी सांगितल्याप्रमाणं उतरवली होती. तीत एक वाक्य होतं: 'वाघर, म्हणजे वाघाचे घर, अशा शब्दांनी मी बालपणापासूनच भारावून गेलो.' वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. आमच्या तालुक्यात काखेत काठी असलेल्या कुठल्याही माणसाला विचारावं. मी काय केलं? चूक दुरुस्त केली. लाल शाईनं, समासात, सुवाच्य अक्षरात. चोर घाईत निघाला होता. मी त्याला त्याची चप्पल शोधून दिली.

आणि मग रात्री दात खाल्ले.

पुढच्या गुरुवारी पट्टी मिळाली. पारदर्शक, घोड्याच्या नालासारखी. शुक्रवारी सकाळी मी ती तोंडात ठेवूनच स्वयंपाकघरात गेलो आणि शालनला म्हणालो, "थोडं थांब."

"चोडं चांब?" शालन म्हणाली. "हे काय नवीन? डॉक्टरांनी दात दिले का जीभ काढून घेतली?"

त्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. मीही हसलो, पण माझ्या हसण्याची किंमत घरात शून्य होती.

शनिवारी दुपारी शेंडगे बाई आल्या. एकसष्टी दुसऱ्या दिवशी. दारात उभ्याच राहिल्या.

"सर, माझा डबा तुमच्याकडंय असं कळलं."

"बसा ना, बाई."

"बसायला नाही आले. डबा द्या."

डबा माझ्या पाठीमागं टेबलावर होता. त्यांना दिसत होता.

"तो मला संस्थेनं दिलाय," मी म्हणालो.

"संस्थेला मी दिलाय. छापखान्यातला नामदेव माझा विद्यार्थी आहे. काल त्यानं पहिलं पान दाखवलं. तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"कधी?"

"डिसेंबरात."

 रोज स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या खुर्चीत बसून बाई डबा खायच्या. डिसेंबर, जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी. मधे एकदा त्यांनी विचारलंही होतं, "सर, माझ्या चिठ्ठ्यांचं काय झालं असेल हो?" आणि मी म्हणालो होतो, "होईल, होईल, सगळं चांगलं होईल."

आताही मी हसलो.

"हसू नका, सर." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "कॉपी पकडली की सहावीतली पोरं असंच हसतात. त्यांना मी कान धरून उभी करते. तुमचा धरता येत नाही, वयानं मोठे आहात."

"बाई, जूनपर्यंत जरा... माझ्या हातात खुर्ची आली की मी स्वतः..."

"जूनला काय होणार? माझ्या बापाच्या तोंडचे शब्द त्या माणसाच्या बापाचे झालेले असणार. माझ्या वडिलांनी मला एकेक शब्द तीन-तीनदा म्हणून दाखवलाय. दिसत नाही त्यांना आता. उद्या त्यांना काय वाचून दाखवू? संपादक कोण म्हणून सांगू?"

"मी समजू शकतो."

"समजता, हेच तर. न समजणाऱ्याचा राग येत नाही." त्या पायरी उतरल्या, परत वळल्या. "मुद्रितं तुम्ही तपासलीत. म्हणजे तीन हजार शब्द वाचलेत. तीन हजार वाचून एक बोलता येत नाही तुम्हाला?"

आणि गेल्या.

शालननं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं ताट वाढलं. दहीभात, मऊ, गिचका केलेला.

"खा," ती म्हणाली. "चावायला लागेल असं तुम्हाला काहीच नको."

संध्याकाळी मी मानपत्र काढलं आणि त्यावर शेवटचा हात फिरवला.

रविवारी शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. रावसाहेब फेटा बांधून मधल्या खुर्चीत, गळ्यात हार, त्यावर हार, त्यावर हार. शेवटी नाकापासून वरचेच रावसाहेब दिसत होते. बाजूला कोल्हापूरचे कुणी पाहुणे. टेबलावर लाल फितीत बांधलेला कोश. समोर विद्यार्थ्यांच्या रांगा, मग पालक, त्यांत मुंडाशी बांधलेली कितीतरी माणसं, कारण मेंढपाळांच्या भाषेचा सन्मान म्हणून पिसाळनं दोन ट्रक पाठवून वाड्यांवरून माणसं आणवली होती. शिक्षकांना हजेरी सक्तीची. शेंडगे बाई शेवटच्या ओळीत, मांडीवर पिशवी.

पिसाळनं माझं नाव पुकारलं. मी माईकपुढं उभा राहिलो. पट्टी तोंडात होती.

"शिक्षणमहर्षी," मी वाचू लागलो, "ज्ञानगंगेचे भगीरच..."

कुणाच्या लक्षात आलं नाही. मानपत्र कुणी ऐकत नसतं. ते पाऊण तास उलटून जाईपर्यंत सहन करायचं असतं. मी संयमानं वाचत गेलो. दूरदृष्टी झाली, ताठ कणा झाला. मग ते वाक्य आलं.

"मायबोलीच्या सेवेत सारं आयुष्य वेचणारे, आपल्या तालुक्याचे चोर कोशकार, रावसाहेब मोहळकर!"

मांडव गप्प झाला. भोंगे बाजारपेठेपर्यंत लावलेले होते, त्यामुळे बाजारपेठही गप्प झाली असावी. मग विद्यार्थ्यांच्या रांगांतून एक खुसखुस उठली आणि दाबली गेली.

पिसाळ धावत आला. त्यानं माझ्या हातून माईक घेतला.

"मंडळी, गैरसमज नको. सरांच्या तोंडात डॉक्टरांनी पट्टी बसवलीय. मला शालनवहिनींनी सकाळीच सांगितलं. थोर! थोर म्हणायचंय सरांना!"

मांडव हसला. पाहुणे हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं रावसाहेब हसले, हार हलेपर्यंत. "अहो हेर्लेकर सर, आधी दात बसवा, मग आमची स्तुती करा!" टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. आजारी असूनही कर्तव्य चुकवत नाहीत, असं काहीसं.

आता एक कबुली द्यायला हवी. मूळ मानपत्रात 'महान कोशकार' होतं. शनिवारी संध्याकाळी मी महान खोडून थोर लिहिलं. आणि रविवारी सकाळी, झोपताना लावायची पट्टी दहा वाजता लावून बाहेर पडलो. सगळं ठरवल्याप्रमाणं पार पडलं होतं. भर सभेत, भोंग्यावरून, मी चोराला चोर म्हणालो होतो आणि माझ्या केसालाही धक्का लागला नव्हता. जून शाबूत, खुर्ची शाबूत, डॉक्टरांचा कागद खिशात. बंड करावं तर असं, वैद्यकीय प्रमाणपत्रासकट.

मी शेवटच्या ओळीकडं पाहिलं. वाटलं होतं, बाई हसत असतील.

बाई उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या, नापास पेपरावर शिक्षक बघतो तसं. राग नाही, फक्त कुठं कुठं चुकलंय ते दिसतंय असं. त्यांना थ दिसला होता आणि त्यामागचा मीही दिसलो होतो. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि मांडवाच्या दाराकडं चालू लागल्या.

मला एकदम संताप आला. रावसाहेबांचा आला, त्यांच्या हारांचा आला, पिसाळच्या 'थोर! थोर!'चा आला. पण सगळ्यांत जास्त त्या सुरक्षित, पारदर्शक, घोड्याच्या नालाएवढ्या वस्तूचा आला. मी तोंडात बोट घातलं आणि पट्टी ओढून काढली. त्या वेळी कट् असा आवाज झाला. माईक पिसाळनं परत माझ्यापुढं धरलेला असल्यामुळे तो भोंग्यांतून निघाला आणि लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले.

"माफ करा," मी म्हणालो. "उच्चार अस्पष्ट झाला. पट्टी काढलीय. आता नीट वाचतो." मी कागद बाजूला ठेवला. "चोर. च, चमच्यातला. तो चमचा मी."

पिसाळनं माईक मागं ओढला. मी तो धरून ठेवला.

"हा कोश मालन शेंडगे बाईंचा आहे. चिठ्ठ्या त्यांच्या, अक्षर त्यांचं, पायपीट त्यांची. मुद्रितं मी तपासली आहेत, मला माहीत आहे. दोन महिन्यांपासून माहीत आहे."

इथं कुणीतरी वायर उपटली. भोंगे मेले. मग मी ओरडलो. बावन्न वर्षांत मी मोठ्यानं ओरडलो नव्हतो. वर्गातसुद्धा डस्टर आपटून भागवायचो. जबडा दुखत होता, पण उघडत होता.

"रावसाहेब! तुमच्या कोशातला एक शब्द सांगा! वाघर म्हणजे काय?"

रावसाहेब हार सारत उठले. तोंड लालबुंद. "मला विचारतोस? माझ्या शाळेत, माझ्या मांडवात, माझ्या पगारावर जगणारा मास्तर मला विचारतो? वाघर म्हणजे वाघाचं घर! पोरासोराला माहीत आहे!"

 मग मुंडाशांमधून एक हसू फुटलं. पिकलेलं, दम्याचं, खोकत खोकत येणारं. मग दुसरं. दोन ट्रक भरून आणलेली माणसं हसू लागली. "आरं, मेंढरं वाघाच्या घरात कोंडत्यात काय रं ह्यांच्यात?" कुणीतरी म्हणालं, आणि पुढं काही ऐकू येईना. छापलेल्या पुस्तकात अर्थ बरोबर होता. मीच दुरुस्त केला होता. रावसाहेबांनी स्वतःचं पुस्तक एकदा उघडलं असतं तरी वाचले असते.

बाई दारातच उभ्या होत्या. हसत नव्हत्या. पण गेल्याही नव्हत्या.

दुपारी पिसाळ आमच्या घरी डबा न्यायला आला. मी झोपलो होतो. शालननं त्याला, "घेऊन जा बाबा ती बिलामत," म्हणत बिस्किटांचा डबा दिला. त्यानं तो उघडूनही न बघता बंगल्यावर पोचवला. कुरडया निघाल्या. शालनला कुरडयांचं फार वाईट वाटलं. डबाही तिला परत मिळाला नाही.

पुढचं सगळं गोड नाही. मार्च उजाडायच्या आत माझी बदली डोंगरावरच्या शाखेत झाली, जिथं दोन वर्ग आणि एक बोअर होती. हेडमास्तर मी कधीच झालो नाही. बाईंना तीन वर्षं छळलं. वेळापत्रक असं लावायचे की सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास त्यांचा. रावसाहेबांनी कोशावर एक चिठ्ठी डकवली, 'संकलन साहाय्य: श्रीमती शेंडगे', आणि मग त्या प्रती कोठीत पडल्या. त्यांचं खरं प्रकाशन वाळवीनं केलं. बाईंनी मूळ चिठ्ठ्यांवरून पुन्हा लिहून काढलेला कोश, त्यांच्या नावानं, सांगलीहून निघाला तो चार वर्षांनी. त्यांच्या वडिलांनी तो हातात घेतला एवढं मला पक्कं माहीत आहे.

आणि माझं डोकं सोमवारीही दुखलं. मनातलं बोललं की जबडा सुटतो, असं मला वाटलं होतं. डॉक्टर मुजावरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "स्नायूला भाषण कळत नाही, सर. शेकत राहा." पट्टी मी अजून लावतो. फक्त शालननं आठ दिवसांनी आपलं अंथरूण आत आणलं. म्हणाली, "आवाज तेवढाच आहे. पण आता सोसवतो."

राहिली ती सोमवार सकाळ. शाळा भरायच्या आधी मी बिस्किटांचा डबा, चिठ्ठ्यांचा, दोन्ही हातांत धरून शेंडगे बाईंच्या घरी गेलो. गावाबाहेर माळाच्या कडेला दोन खोल्या. वडील अंगणात बाजेवर बसलेले. बाई दारातच होत्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, त्यामुळे डबा त्यांना घेता येईना. मी तो धरून तसाच उभा राहिलो आणि रात्रभर पाठ केलेलं बोलायला लागलो. म्हणालो, बाई, मी तुमचा अपराधी आहे. डिसेंबरातच बोलायला हवं होतं. काल मी जे केलं ते धाडस नव्हतं, आधी लबाडी होती आणि मग लाज होती. शिक्षकानं शब्दाला जागायचं असतं, मी खुर्चीला जागलो. मला क्षमा मागायचा अधिकार नाही, पण यापुढं तुमच्यासाठी साक्ष द्यायची असो, पेपरात लिहायचं असो, कोर्टाची पायरी चढायची असो...  जबड्यात कळ आली. मी थांबलो.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाजेवरच्या म्हाताऱ्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"सर, एक कराल माझ्यासाठी?"

"सांगा, बाई," मी म्हणालो. "काहीही सांगा."

"पाय तेवढा उचला. आत्ताच सारवलंय."